मेदातील दाह आणि मालवणचा नारळ

‘अतिस्निग्ध आहाराने मेद-ऊतकात दाह उत्पन्न होतो’ हे वाक्य गेल्या वीस-पंचवीस वर्षांच्या वैद्यकीय वाङ्मयात इतक्या वेळा आले आहे की, त्याला आता जवळजवळ सूत्राचे स्वरूप प्राप्त झाले आहे. सूत्राचा गुण असा की ते लवकर पाठ होते, आणि दोष असा की पाठ झाल्यावर त्यातील पदांच्या अर्थाकडे कोणी पाहत नाही. हेच वाक्य सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या किनाऱ्यावर पोहोचेपर्यंत त्याचा अर्थ बहुधा ‘नारळ वर्ज्य करा’ एवढाच उरतो. मालवण, वेंगुर्ले, देवगड या भागांत नारळ हा चैनीचा पदार्थ नव्हे. ओल्या खोबऱ्याच्या वाटपावाचून तेथे माशांचे तिखले होत नाही, नारळाच्या दुधावाचून सोलकढी होत नाही आणि परसातल्या माडाखेरीज घराला घरपण येत नाही. अशा ठिकाणी या सूत्रातील प्रत्येक पदाचा नेमका अर्थ लावणे हे नुसते शब्दकुतूहल राहत नाही. सोयीसाठी शेवटच्या पदापासून आरंभ करणे बरे.

मराठी शास्त्रीय लेखनात या विकारक्रियेसाठी ‘दाह’, ‘शोथ’ आणि ‘दाहयुक्त सूज’ असे तीन प्रयोग रूढ आहेत. ‘दाह’ हा ‘दह्’ म्हणजे जाळणे या धातूपासून झाला, तर ‘शोथ’ हा ‘श्वि’ म्हणजे फुगणे या धातूपासून. युरोपीय भाषांतील समानार्थक शब्दही लॅटिनमधील ज्वालावाचक शब्दावरूनच घडला आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात सेल्सस या रोमन ग्रंथकाराने दाहाची चार लक्षणे सांगितली: लाली, सूज, उष्णता आणि वेदना. पूर्वेकडे काय किंवा पश्चिमेकडे काय, नाव पडले ते डोळ्यांस दिसणाऱ्या आणि हातास लागणाऱ्या लक्षणांवरून. खडकावरची कालवे काढताना पाय कापला असता जे घडते, ते या चारही लक्षणांनी युक्त असते. मेद-ऊतकातील दाहाचे वैशिष्ट्य असे की, रोग्याला यांपैकी एकही जाणवत नाही. अंग तापत नाही, लाल होत नाही, ठणकत नाही. तो दिसतो तो सूक्ष्मदर्शकाखाली आणि रक्ताच्या तपासणीत. गोखान होतामिशलिगिल या संशोधकाने २००६ मध्ये त्यासाठी चयापचय व दाह या दोन अर्थांचे शब्द जोडून एक नवा जोडशब्द सुचविला, तो जुना शब्द अपुरा पडत होता म्हणूनच. मराठीत त्यासाठी निराळा संस्कृत शब्द घडविण्यापेक्षा ‘धुमसणे’ हे क्रियापद अधिक उपयोगी पडण्यासारखे आहे. चुलीत ओले सोडण घातले असता ज्वाला निघत नाही, पण आतून ते जळत राहते. या दाहाची जात तशीच आहे.

‘मेद’ या पदाचीही थोडी चिकित्सा हवी. बोलण्यात त्याऐवजी येणारा ‘चरबी’ हा शब्द फारसीतून आला. मराठीत त्याला तुच्छतेचा, किंबहुना उद्दामपणाचा वास आहे. ‘अंगात चरबी चढली’ असे ज्याच्याविषयी म्हणतात तो मनुष्य बहुधा कृशही असू शकतो! संस्कृत ‘मेदस्’ला असा कलंक नाही. आयुर्वेदाने मेदाला सप्तधातूंत, म्हणजे शरीराचे धारण करणाऱ्या द्रव्यांत, स्थान दिले आहे. मेदोवह स्रोतसांचे मूळ सांगताना चरकसंहितेने वृक्कांबरोबर वपावहनाचा उल्लेख केला आहे. उदरातील आतड्यांवर पदरासारखा पसरलेला मेदाचा थर म्हणजे वपा. यावरून आजचे शरीरविज्ञान प्राचीनांना अवगत होते असा निष्कर्ष काढणे उथळपणाचे होईल. तथापि मेद हा शरीराचा निरुपयोगी मळ नसून एक कार्यकारी धातू आहे, ही दृष्टी ‘चरबी’ या शब्दामागील दृष्टीपेक्षा वस्तुस्थितीला जवळची आहे. जेफ्री फ्रीडमन यांच्या न्यूयॉर्कमधील प्रयोगशाळेत १९९४ मध्ये लेप्टिन या द्रव्याचे जनुक सापडले, आणि मेद-ऊतक हे रक्तात संदेशद्रव्ये सोडणारे, म्हणजे एखाद्या ग्रंथीसारखे वागणारे अंग आहे, हे सर्वमान्य झाले.

ऊतक म्हणजे समान रचनेच्या पेशींचा समूह. मेद-ऊतकातील मुख्य पेशीत तेलाचा एकच मोठा थेंब असतो, आणि पेशीचे केंद्रक व अन्य घटक त्या थेंबामुळे कडेला लोटलेले असतात. जेवणानंतर रक्तात आलेले वसाम्ल इन्शुलिनच्या आज्ञेने ही पेशी साठवून ठेवते आणि उपवासात परत देते. कणगीची उपमा येथे योग्य ठरेल. भाताच्या कणगीचे काम केवळ साठविणे हे नसून धान्य घरभर सांडू न देणे हेही असते. प्रौढ मनुष्यात या कणग्यांची संख्या साधारणपणे स्थिर राहते. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्वीडनमधील संशोधनाने असे दाखविले की, दरवर्षी सुमारे दहा टक्के मेदपेशी मरतात व तितक्याच नव्या तयार होतात. यासाठी शीतयुद्धकाळातील अण्वस्त्रचाचण्यांमुळे वातावरणात वाढलेल्या कार्बन-१४ चा अंश पेशींच्या जनुकद्रव्यात मोजून पेशींचे वय ठरविण्यात आले. विनाशाच्या साधनाचा असा उपयोग विज्ञानात क्वचितच झाला असेल. संख्या स्थिर, तेव्हा साठा वाढला की पेशीचा आकार वाढणे ओघानेच आले. पेशीचा व्यास एक दशांश मिलिमीटरच्या पलीकडे गेला की तिच्या अंतर्भागाला प्राणवायू पुरेनासा होतो, तिचे आवरण ताणले जाते आणि शेवटी ती मरते.

दाहाची कथा येथे सुरू होते. तिचे धागे मात्र उलट क्रमाने हाती आले. १९९३ मध्ये होतामिशलिगिल व त्यांच्या सहकाऱ्यांनी लठ्ठ उंदरांच्या मेदात ‘टीएनएफ-आल्फा’ हे दाहकारक द्रव्य निर्माण होते आणि ते निष्प्रभ केले असता इन्शुलिनचे कार्य सुधारते, असे दाखविले. हे द्रव्य मुख्यतः कोणत्या पेशींतून येते, याचा उलगडा व्हायला दहा वर्षे लागली. २००३ च्या अखेरीस दोन स्वतंत्र गटांनी एकाच वेळी असे प्रसिद्ध केले की, लठ्ठ प्राण्याच्या मेद-ऊतकात मॅक्रोफेज, म्हणजे महाभक्षी पेशी, मोठ्या संख्येने शिरतात. कृश उंदरांत व मनुष्यांत या पेशींचे प्रमाण दहा टक्क्यांहून कमी असते. अतिलठ्ठ उंदरांत ते पन्नास टक्क्यांच्या वर आणि लठ्ठ मनुष्यांत चाळीसच्या जवळपास गेलेले आढळले. ज्या ऊतकाला तेलाचे कोठार समजले जात होते, त्यात जवळजवळ निम्मे सैनिकच निघावेत, हा प्रकार विलक्षणच होय. सिंती व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये पुढचा दुवा जोडला. या महाभक्षी पेशी ऊतकात विखुरलेल्या नसतात. त्यांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक मृत मेदपेशींच्या भोवती कडे करून बसलेल्या असतात. सूक्ष्मदर्शकाखाली ही रचना मुकुटासारखी दिसते व त्या नावानेच ती ओळखली जाते. मृत पेशीतील तेलाचा थेंब एका महाभक्षी पेशीला गिळता येण्याजोगा नसतो, म्हणून अनेकींचा वेढा पडतो आणि तो उठत नाही. वेढ्यातून सुटणारी द्रव्ये शेजारच्या जिवंत मेदपेशींना इन्शुलिनची आज्ञा ऐकू देत नाहीत. मग साठविण्याऐवजी त्या वसाम्ल बाहेर सोडू लागतात, आणि ते यकृतात व स्नायूंत जाऊन साचते. मधुमेहाचा मार्ग येथून जातो.

तेव्हा दाह दडपला म्हणजे झाले, असे वाटण्याचा संभव आहे. पण २०१४ मधील एका महत्त्वाच्या प्रयोगाने या समजुतीस धक्का दिला. ज्या उंदरांच्या मेदपेशींत दाहाची प्रतिक्रिया जनुकीय उपायांनी क्षीण केली होती, ते स्निग्ध आहारावर अधिक निरोगी न राहता उलट अधिक आजारी झाले. त्यांच्या मेद-ऊतकाची नीट वाढ झाली नाही आणि मेद यकृतात गेला. कणगी मोठी करायची तर जुने वेत मोडावे लागतात, आणि ते काम अल्पकालीन दाह करतो. अपाय होतो तो हे काम कधी न संपल्यामुळे.

आता ‘अतिस्निग्ध’ हे पद. इंग्रजीत या ठिकाणी येणारे विशेषण केवळ तुलनादर्शक आहे: एका गटाला दुसऱ्यापेक्षा अधिक स्निग्ध दिले, एवढेच ते सांगते. मराठी ‘अति’ हा उपसर्ग तुलनेबरोबर मर्यादाभंगही सुचवितो, आणि मर्यादा कोणाची हे मात्र सांगत नाही. प्रयोगात ती उंदराची असते. अशा प्रयोगांत नेहमी वापरल्या जाणाऱ्या उंदरांचा वाण स्निग्ध अन्नावर चटकन लठ्ठ होतो म्हणूनच निवडलेला असतो. सर्वांत प्रचलित आहारात एकूण उष्मांकांपैकी ६० टक्के स्निग्ध पदार्थांपासून, मुख्यतः डुकराच्या चरबीपासून, मिळतात. तुलनेसाठीच्या आहारात हे प्रमाण १० टक्के असते. मालवणच्या दृष्टीने अधिक लक्षणीय असा दुसरा एक आहार आहे. सरविट या अमेरिकन संशोधकाच्या नावाने तो ओळखला जातो. त्यात ५८ टक्के उष्मांक स्निग्धापासून येतात, आणि हे स्निग्ध बहुतांशी हायड्रोजनीभवन केलेले खोबरेल तेल असते. जोडीला साखर असते. नारळाचे नाव दाहाच्या प्रयोगांशी जोडले गेले त्याचे एक कारण हे.

याच्या शेजारी मालवणी ताट ठेवून हिशेब करून पाहावा. पाच माणसांच्या घरात रोज एक नारळ लागतो असे धरू. त्यात ३०० ग्रॅम खोबरे असेल तर, ओल्या खोबऱ्यात सुमारे एक तृतीयांश स्निग्ध असल्याने, १०० ग्रॅम तेल झाले. माणशी २० ग्रॅम, म्हणजे १८० उष्मांक. दोन हजार उष्मांकांच्या आहारात हे ९ टक्के भरतात. सोलकढीचा चोथा टाकून दिला जातो, त्याबरोबर जाणारे तेल येथे वजा केलेले नाही. वर माणशी २५ ग्रॅम गोडे तेल धरले तर आणखी ११ टक्के. बांगडा किंवा पेडवे यांतील तेल आणि उकड्या तांदळातील अल्पसा अंश मिळविला तरी बेरीज एक चतुर्थांशाच्या आसपास थांबते. प्रयोगशाळेतील ५८ टक्क्यांशी या ताटाचे साम्य नारळाच्या नावापुरतेच आहे. कोंबडी-वड्यांच्या दिवशी हा हिशेब बिघडतो हे खरे, पण तो दिवस रोजचा नसतो, निदान नसे.

तथापि एवढ्याने नारळ निर्दोष ठरत नाही. स्निग्धाच्या प्रमाणाप्रमाणे त्याची जातही पाहावी लागते. खोबरेल तेलातील सुमारे नव्वद टक्के वसाम्ले संपृक्त असतात आणि त्यांत जवळजवळ निम्मा वाटा लॉरिक आम्लाचा असतो. डुकराच्या चरबीतदेखील संपृक्ताचे प्रमाण चाळीसच्याच घरात आहे. २००१ मध्ये महाभक्षी पेशींवर केलेल्या एका प्रसिद्ध प्रयोगात लॉरिक आम्लाने दाहाची यंत्रणा जागी झाली, आणि हे ‘टीएलआर-४’ नावाच्या ग्राहीमार्फत होते असे प्रतिपादन करण्यात आले. हा ग्राही वस्तुतः जंतूंच्या आवरणातील एका विषद्रव्यासाठी आहे. योगायोग असा की त्या विषद्रव्याच्या रचनेतच लॉरिक आम्ल असते, त्यामुळे खोटी किल्ली कुलपाला लागावी तसे हे घडत असावे, ही कल्पना आकर्षक वाटली. पुढे ती अंशतः मागे पडली. प्रयोगात वापरलेल्या द्रव्यांत जंतुविषाची भेसळ असण्याची शक्यता २००९ मध्ये दाखविण्यात आली. २०१८ मधील संशोधनाने तर असे सांगितले की संपृक्त वसाम्ल त्या ग्राहीला चिकटतच नाही. मात्र ग्राही अन्य कारणाने आधी जागा झालेला असेल, तर पेशीचे चयापचय बदलते आणि मग तेच वसाम्ल दाह घडवून आणते. आतड्यातून रक्तात झिरपणारे जंतुविष हे ते अन्य कारण असू शकते. उंदरांना चार आठवडे स्निग्ध आहार दिला असता रक्तातील या विषाचे प्रमाण वाढते, हे २००७ मध्येच दिसून आले होते.

मनुष्यांवरील पुरावा थोडा, पण विचारार्ह आहे. नेदरलँड्समध्ये २००९ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात पोट सुटलेल्या वीस व्यक्तींना आठ आठवडे, एका गटाला संपृक्त स्निग्धाने समृद्ध व दुसऱ्याला एकअसंपृक्त स्निग्धाने समृद्ध, असा आहार देण्यात आला. पहिल्या गटाच्या मेद-ऊतकात दाहाशी संबंधित जनुकांची क्रिया वाढलेली आढळली. इन्शुलिनच्या कार्यात मात्र तेवढ्या काळात फरक पडला नाही. स्वीडनमध्ये २०१४ साली तरुणांना सात आठवडे जादा केक खाऊ घातले, काहींना पामतेलाचे व काहींना सूर्यफुलाच्या तेलाचे. वजन दोन्ही गटांत सारखेच वाढले, पण पामतेलाच्या गटात मेद यकृतात व उदरात अधिक गेला. खास खोबरेल तेलाविषयीच्या प्रयोगांचा एकत्रित आढावा २०२० मध्ये घेण्यात आला. त्यानुसार अन्य वनस्पतितेलांच्या तुलनेत खोबरेलाने रक्तातील अपायकारक कोलेस्टेरॉल शंभर मिलिलिटरमागे सुमारे दहा मिलिग्रॅमने वाढते. परंतु दाहाच्या खुणांवर आणि शरीरातील मेदाच्या प्रमाणावर लक्षणीय परिणाम दिसत नाही. म्हणजे नारळाविरुद्ध आरोप आहे, पण तो हृदयाच्या रोहिण्यांच्या न्यायालयात. मेद-ऊतकाच्या न्यायालयात त्याला अद्याप दोषी ठरविता आलेले नाही.

नारळावर जगणाऱ्या समाजाचे उदाहरण पॅसिफिक महासागरातील टोकेलाऊ बेटांचे आहे. १९८१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार तेथील लोकांच्या आहारातील ६३ टक्के उष्मांक नारळापासून येत, कोलेस्टेरॉलही त्या मानाने अधिक होते, तरी रक्तवाहिन्यांचे विकार विरळ होते. यांतील काही कुटुंबे न्यूझीलंडमध्ये स्थायिक झाली. तेथे त्यांच्या आहारातील संपृक्त स्निग्ध घटले, आणि वजन व मधुमेह मात्र वाढले. घटलेल्या नारळाची जागा कशाने घेतली आणि अंगमेहनत किती उरली, हे प्रश्न त्या आकड्यांतूनच उभे राहतात.

मालवणी ताटात नारळाचा जोडीदार मासा आहे, आणि त्याला या चर्चेत स्वतंत्र स्थान आहे. बांगडा आणि पेडवे यांच्या तेलात दीर्घ साखळीची ओमेगा-३ वसाम्ले भरपूर असतात. २०१० मध्ये असे दाखविण्यात आले की, महाभक्षी पेशींवर व मेदपेशींवर या वसाम्लांसाठी ‘जीपीआर-१२०’ हा खास ग्राही असतो आणि तो जागा झाला की दाह शमतो. हा ग्राही नसलेल्या उंदरांना मत्स्यतेलाचा हा लाभ झाला नाही. मनुष्यांत याचा परिणाम इतका स्वच्छ दिसत नाही. फळे संमिश्र आहेत. तरीही ज्याला सरंग्या-सुरमईच्या तुलनेत गरिबाचा मासा म्हणून खालचे पान मिळते, त्या पेडव्याची या बाबतीतली योग्यता वरची आहे, एवढे म्हणण्यास हरकत नाही.

महाराष्ट्रातील सर्वांत मोलाचे काम किनाऱ्यावर नव्हे, पुण्यात झाले. पण किनाऱ्याला ते थेट लागू पडते. के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील मातांचा व बालकांचा अभ्यास केला. तेथील नवजात बालकाचे सरासरी वजन २.७ किलोग्रॅम, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बालकाचे ३.५. खेड्यातले बालक स्नायूंनी व उदरावयवांनी लहान होते, परंतु त्वचेखालचा मेद त्याने बऱ्याच अंशी राखला होता. कृश दिसणारे हे शरीर मेदाच्या दृष्टीने कृश नव्हते. २००४ मध्ये याज्ञिक आणि इंग्लंडमधील जॉन युडकिन यांनी स्वतःचीच मापे प्रसिद्ध केली. दोघांचा उंची-वजनाचा निर्देशांक एकच, २२.३, शरीरातील मेद मात्र युडकिन यांचा ९.१ टक्के आणि याज्ञिक यांचा २१.२ टक्के. कोष्टकावर एकाच रकान्यात बसणारी ही दोन शरीरे आतून किती भिन्न होती, हे सांगायला निराळे भाष्य नको.

याच गटाने पुणे परिसरातील खेडे, शहरातील झोपडपट्टी आणि शहरी मध्यमवर्ग अशा तीन ठिकाणच्या चारशेहून अधिक पुरुषांची तपासणी करून २००८ मध्ये तिचे निष्कर्ष मांडले. खेड्याकडून शहराकडे जाताना मेदाबरोबर रक्तातील दाहाच्या खुणाही चढत गेल्या. सिंधुदुर्गाच्या वाचकाला या चढणीचा अर्थ समजावून द्यावा लागत नाही. लालबाग-परळच्या गिरण्यांत गेलेला चाकरमानी हीच वाट चालला, आणि आता वाट उलटही झाली आहे: शहरच पाकीटबंद फरसाण, बिस्किटे आणि गोड शीतपेयांच्या रूपाने मालवणच्या बाजारात उतरते. होडी वल्हवण्याऐवजी यंत्र आले, रापण ओढणारे हात कमी झाले. ताटातला नारळ तेवढाच राहिला असेल. त्याच्याबरोबर येणारे बाकीचे सारे आणि ते जाळणारे श्रम बदलले.

म्हणून या किनाऱ्यावरील माणसाच्या बाबतीत वाटपात खोबरे किती, या प्रश्नाच्या आधी कणगी केवढी आणि ती किती भरली, हा प्रश्न येतो. त्याचे स्थूल माप शिंप्याच्या फितीने घेता येते. भारतीयांसाठी २००९ मध्ये तज्ज्ञांनी जी मर्यादा ठरविली, तीनुसार कमरेचा घेर पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरवर गेला, अथवा उंची-वजनाचा निर्देशांक २३ च्या पुढे गेला, की मेद वाजवीपेक्षा अधिक झाला असे समजावे. युरोपीयांसाठी निर्देशांकाची हीच रेषा २५ वर आहे.